लाइट गेली तर मुलाच्या ऑक्सिजनचं काय?
कोकणात पावसाळ्यात लाइट जाणं नवीन नाही, पण घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेच्या मशीनवर) असलेलं मूल असेल तर तयारी मे महिन्यातच हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. तिथे इन्व्हर्टर किती पुरणार? मशीन साधारण ३००-३५० वॅट खातं. म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच. बी टाइपमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला २ लिटरने जेमतेम १२ तास. डॉक्टरांनी सांगितलेल्या फ्लोप्रमाणे तुमचा हिशेब करून दारामागे खडूने लिहा. रात्री दोनला कुणाचं डोकं चालत नाही.

सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब. आणि मुलाच्या केसांना खोबरेल चोळून त्याच हातांनी व्हॉल्व्ह फिरवू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाचा संपर्क आला की भडका उडू शकतो. हात साबणाने धुवून, कोरडे करून मगच.

मुलाला सक्शन, म्हणजे नळीने घशातला कफ ओढून काढणं, लागत असेल तर पायाने चालणारा पंपही घेऊन ठेवा. तो आजीला एकदा प्रत्यक्ष चालवायला लावा, नुसता दाखवू नका.