तोच दर, लहान वडा: गाडीवर खाण्याआधी काय बघायचं

मी एकोणीस वर्षं मध्य रेल्वेच्या एका स्टेशनाबाहेर वडापावची गाडी लावली. 2003 साली 4 रुपयांनी सुरुवात केली, 2022 साली गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा 15 रुपयांवर थांबलो. आता दुसऱ्यांच्या गाड्यांवर खातो. बायको म्हणते, खात कमी आणि तपासत जास्त असतो.

ओळखीचे लोक विचारतात, वडापाव एवढा महागला, वर पूर्वीसारखा लागतही नाही, मग खायचा कुठे? माझं उत्तर त्यांना उलटं वाटतं. पाटीवरचा जुना आकडा खोडून नवा लिहिलेला दिसला तर त्या गाडीवर आधी जा. चार वर्षं एकच दर ठेवणाऱ्याकडे मात्र जरा थांबून बघा. तेल, बेसन, लसूण, गॅस, पावाची लादी सगळं वाढलं आणि वडा तेवढ्यालाच मिळतोय, तर मधला फरक कुणीतरी भरतंय. बहुतेक वेळा वडाच भरतो.

हा फरक कुठून येतो ते थोडं सांगतो, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. आपल्या देशात लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, आणि पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल अडकलं. 28 एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली, ती 23 मेपर्यंत. सरकार तिकडचं, कढई माझी. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याच सरकारनं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या खाद्यतेलावर एकूण 5.5 टक्क्यांचं 27.5 झालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लसूण किलोला 400 रुपयांवर गेला होता. गाडीवर लागतो तो 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर, त्याचा दर तर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. वडेवाला काही दर एक तारखेला पाटी रंगवत नाही.

हे फक्त आपल्याकडे चालतं असं नाही. इंडोनेशियात सोयाबीन आंबवून टेंपे करतात, गरिबाचं रोजचं खाणं. सोयाबीन बरंचसं अमेरिकेतून येतं. ते महाग झालं की टेंपेची वडी बारीक होते, दर तोच राहतो. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या टेंपे करणाऱ्यांनी तीन दिवस कामच बंद ठेवलं होतं. मलेशियानं 1 जून 2022 पासून कोंबड्यांची निर्यात थांबवली तेव्हा सिंगापूरचे चिकन-राइसवाले हवालदिल झाले. तिथेही प्रश्न आमचाच: दर वाढवू, की ताटातलं कमी करू?

आता बघायचं कसं.

आधी आकार. किलोभर भाजीत 60 ग्रॅमचे 16 वडे होतात. हात थोडा आखडून 45 ग्रॅमचे केले तर 22. सहा वडे फुकटात निघाले, आणि पावात दाबून दिल्यावर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. म्हणून पावात घालण्याआधी, झाऱ्यात असतानाच वडा बघा. पाव मिटल्यावर कडेनं वडा बाहेर डोकावला पाहिजे. शोधावा लागला तर समजा.

मग तेल. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सकाळी सातला कढईतलं तेल चहासारखं काळपट दिसलं तर ते कालचं आहे, कदाचित परवाचंही. वडा सोडल्यावर चांगल्या तेलात मोठे, स्वच्छ बुडबुडे येतात आणि वडा होत आला की निवतात. मेलेल्या तेलात साबणासारखा बारीक फेस येतो, तो कडेकडेनं चढतो आणि बसत नाही. वडा टाकायच्या आधीच धूर निघत असेल तर मागे फिरा. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते तुटतं, त्यातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तुटलेल्या तेलातून तयार होणारे खराब घटक, वाढतात. 1 जुलै 2018 पासून नियमानं ती 25 टक्क्यांवर जाता कामा नये. ते मोजायचं यंत्र असतं, पण तुम्ही काही खिशात यंत्र घालून वडा खायला जाणार नाही. नाक पुरतं. खाल्ल्यावर दहा मिनिटांनी घशात खवखवलं, तर दोष तिखटाला देऊ नका.

अर्थात, दर वेळी ताजं तेल ओतणारा वडेवाला मला एकोणीस वर्षांत भेटला नाही आणि मीही तसा नव्हतो. संध्याकाळच्या गर्दीनंतर उरलेलं तेल गाळून बाजूला काढणारा आणि जुन्यातच नवं ओतत राहणारा, यांत फरक आहे. कढईच्या तळाला जळक्या चुऱ्याचा थर दिसतोय का, तेवढं बघा.

पिठाबद्दल बोलताना मला माझीच गोष्ट सांगायला हवी. 2022 च्या मेमध्ये मी आठ दिवस बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलं. दर 12 होता, वाढवायची भीती वाटत होती, समोरच दुसरी गाडी होती. वाटाण्याच्या पिठाचं आवरण कडक होतं आणि गार झालं की कच्चट वास मारतं. कुणी काही बोललं नाही. आठव्या दिवशी भाजी विकणारी एक मावशी, माझं रोजचं गिऱ्हाईक, म्हणाली, "बाळा, वडा गार करून खाऊन बघ की एकदा." खाल्ला. दुसऱ्या दिवशी 15 ची पाटी लावली. पहिला आठवडा गिऱ्हाईक कमी झालं, मग आलं.

तर तिचीच परीक्षा तुम्हीही घ्या: एक वडा बांधून न्या आणि गार झाल्यावर फोडा. गरम असताना कुठलाही वडा चांगला लागतो. आवरण आणि भाजीच्या मध्ये पोकळी असेल आणि बोटं तेलकट झाली, तर खायचा सोडा जास्त पडलाय. भाजीत आलं-लसूण-कोथिंबीर न दिसता नुसता पिवळा बटाटा असेल, तर हळदीवर काम भागवलंय.

सुक्या चटणीत लसूण किती, ते जिभेला कळतं. लसूण महाग झाला की तळलेला चुरा आणि मिरचीपूड वाढते, चटणी लाल दिसते पण वास येत नाही. चिंचेच्या चटणीला गुळाचा दाटपणा नसून नुसता चरचरीत आंबटपणा असेल तर त्यात लिंबूसत्त्व आहे. मिसळीत तर्री भरपूर आणि मटकी चमच्याला लागत नाही, ही तक्रार हल्ली सगळीकडे आहे. प्लेट आल्यावर आधी तळ ढवळा. कांदाभजीत कोबी सापडला तर मला कळवू नका, माझं रक्त तापतं.

वर्तमानपत्रात बांधून देत असेल तर नको म्हणा. शाई गरम तेलात उतरते. मी स्टीलचा डबा नेतो. सुरुवातीला पोरं हसायची, आता एक वडेवाला डबा बघून चुरा जास्त घालतो.

वेळ साधता आली तर अर्धं काम झालं. गार झालेल्या ढिगातला वडा घेऊ नका. "दादा, तेल कधी बदललंत?" असं चारचौघांत विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही. "पुढचा घाणा कधी?" विचारा आणि उभे राहा. ताजा वडाही मिळतो आणि पाच मिनिटं कढईही बघता येते.

आणि नेहमीचा वडेवाला घसरला असं वाटलं तर लगेच गाडी बदलू नका. त्याला सांगा, पण गर्दीत नको. दुपारी चारच्या सुमारास जा. तो बटाटे सोलत बसलेला असतो, गिऱ्हाईक नसतं. म्हणा, दोन रुपये वाढवा हवं तर, पण वडा पहिल्यासारखा करा. ती मावशीही माझ्याकडे चारलाच आली होती.