पेठेत राहायला आलाय? मास्कचं आधी समजून घ्या

हे लिहिलंय फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत. १४ मार्चला ठरलेल्या एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेसाठी परभणी, हिंगोली, लातूर, बुलढाण्याकडची पोरं-पोरी पुन्हा पुण्याच्या सदाशिव पेठ, नवी पेठेत उतरायला लागलीत. त्यातली बरीचशी पहिल्यांदाच पुणं बघतायत. नेमके आत्ताच फेब्रुवारीत कोरोनाचे रुग्ण परत वाढलेत आणि २२ तारखेपासून रात्री ११ नंतर फिरायला बंदी आलीय. मी मूळची परभणीकडची, पेठेत खानावळ चालवते. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन राहायला आलेलं पोरगं पहिल्या आठवड्यात माझ्याकडे जेवतं कमी आणि बोलणी जास्त खातं. बोलणी बहुतेक मास्कवरूनच असतात. म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

दंडाचं थोडक्यात सांगते. या २०२१ च्या फेब्रुवारीत मास्क नसला तर ५०० रुपये, पावती मागून घ्यायची, हुज्जत घालायची नाही. ‘साहेब, एमपीएससी करतोय’ हे सांगून काही होत नाही. चौकातल्या त्या पोलिसापुढं दिवसभर भावी अधिकारीच उभे असतात.

खरं तर दंडाच्या भीतीनं मास्क लावणाऱ्यांचीच मला जास्त धास्ती वाटते. पोरगं गाडीवर एकटं असतं तेव्हा मास्क नाकापर्यंत कडक. गाडी लावली, मित्र भेटला, की पहिलं काम म्हणजे मास्क हनुवटीवर ओढायचा आणि मग ‘बोल भावा’. अरे, सगळं उलटं झालं की! आजार पसरतो तो तोंडातून उडणाऱ्या बारीक थेंबांनी. बोलताना ते उडतात, हसताना, खोकताना उडतात, आणि आपल्याकडच्यासारखं मोठ्यानं बोललं तर आणखीच. रिकाम्या रस्त्यावर एकट्यानं चालताना वारा ते पांगवतो. पण हातभर अंतरावर समोरासमोर उभं राहून अर्धा तास उत्तरतालिकेवर भांडलात, तर वारा तरी काय करणार? तेव्हा एवढंच पाठ करा: तोंड उघडायच्या आधी मास्क वर. फोनवर बोलतानासुद्धा. मास्कमधून आवाज ऐकू जातो, सगळं पुणं वर्षभर तसंच बोलतंय.

आता टपरीचं. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण मान हलवून थेट टपरीवरच जातो.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२० मध्ये, माझ्याकडं डबा लावलेली एक खोली होती. चार कॉट, चौघंही यूपीएससीवाले, पूर्वपरीक्षा ४ ऑक्टोबरला. खोलीत शिस्त अशी की बघत राहावं. दाराशी सॅनिटायझर, ताटं वेगळी, डबासुद्धा बाहेरून पुसून आत घ्यायचे. आणि संध्याकाळी चौघं टपरीवर. का, तर ‘काकू, तिथं मोकळी हवा आहे.’ हवा मोकळी होती, पण एका छत्रीखाली आठ-दहा जण खांद्याला खांदा लावून उभे. चहा दोन मिनिटांत संपायचा. रिकामा कप हातात, मास्क गळ्यात आणि राज्यघटनेवर चर्चा अंधार पडेपर्यंत. परीक्षा तोंडावर आली आणि एकाला ताप आला, पाठोपाठ बाकीच्यांना. त्यांच्यातल्या एकाचा तो शेवटचा अटेम्प्ट होता. ४ ऑक्टोबरला तो कोविड सेंटरच्या गादीवर पडून होता आणि त्याची आई गावाकडून मला फोन करून विचारत होती, ‘ताई, पेपर दुसऱ्या दिवशी घेत नाहीत का हो?’ नाही घेत.

म्हणून सांगते, चहा सोडू नका. कप घ्या आणि चार पावलं बाजूला जाऊन प्या. पिऊन झालं की मास्क वर, मग घटनेतली कलमं काढा. घोळका दिसला तर त्यात शिरू नका, मग त्यात तुमच्या तालुक्याचा कुणी का असेना. आपल्या माणसाचा आजार लागत नाही अशी आपल्या लोकांची एक ठाम समजूत आहे. पुणेकरापासून दोन हात लांब उभं राहणारं पोरगं गाववाला दिसला की गळ्यात पडतं.

पुणेकरांबद्दल गावाकडं काय काय ऐकून आला असाल. टोकतात, हे खरं आहे. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज येतो, ‘ओ, नाक!’ वर बघावं तर काकांचं स्वतःचं नाक बाहेर. तरी ‘हो काका’ म्हणायचं, नाक झाकायचं आणि पुढं जायचं. या लोकांनी हे आधीही भोगलंय. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी याच शहरात गेला, शाळकरी मुलगी होती. मी तेव्हा इथं नवीनच आले होते. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलपुढं रांगा, मास्क काळ्या बाजारात आणि रस्त्यावर जो तो रुमाल बांधलेला. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्णही पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० ला. तेव्हा गॅलरीतला माणूस उगाच ओरडत नाही. ओरडायची आवड आहे, ती वेगळी गोष्ट.

तुम्हाला मात्र वडीलधाऱ्यांना तसं टोकता येणार नाही, आणि टोकूही नका. घरमालक मास्क खाली घेऊन भाडं मागायला आले, तर काही न बोलता दोन पावलं मागं सरायचं आणि आपला मास्क नाकावर नीट बसवायचा. दहातल्या नऊ जणांना कळतं. दहावा भाडं वाढवतो.

पत्ता विचारताना गाडी बंद करा, मास्क वर घ्या आणि लांबूनच विचारा. वाड्यांच्या खालच्या खिडक्या गल्लीतच उघडतात, आत म्हातारी माणसं बसलेली असतात. त्या गजांना धरून आत डोकावायची आपली सवय गावाकडं ठीक आहे, इथं आत्ता नाही.

पर्वती, तळजाई किंवा हनुमान टेकडीला सकाळी पळायला जाणाऱ्यांनी पळताना मास्कचा हट्ट धरू नये, दम लागतो. गळ्यात असू द्या. समोरून कुणी आलं की कडेला थांबा, वर घ्या, त्यांना जाऊ द्या. शेजारी शेजारी पळत गप्पा मारणाऱ्यांना ही सूट नाही.

मुलींनो, इथं गाडीवर स्कार्फ बांधतात तो धुळीसाठी आणि उन्हासाठी, कोरोनाच्या आधीपासून. त्याच्या आत मास्क हवाच. मुलांच्या दस्तीचं, म्हणजे हातरुमालाचं, आणि गमछ्याचंही तेच. दोन-तीन पदरी सुती मास्क पुरतो. पुढं गोल झाकणासारखा व्हॉल्व्ह असलेला महागाचा मास्क मिरवू नका. त्यातून तुमचा श्वास न गाळता थेट समोरच्यावर जातो. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनंही त्याबद्दल सावध केलंय.

खानावळीत जेवायला मास्क काढावाच लागतो, म्हणून मी अजून डबेच जास्त देते. बसून जेवणाऱ्यांनी कानाच्या दोरीला धरून काढायचा, कागदी पाकिटात घालायचा, पाकीट खिशात. परवा एकानं मास्क ताटाशेजारी पसरला आणि वर ठेच्याची वाटी ठेवली. जाताना तीच वाटी बाजूला करून तोच मास्क तोंडाला. त्या दिवशीची बोलणी शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू गेली.

खोलीत चौघांचे मास्क एकाच दोरीवर वाळत असतील तर पट्टीवर पेनानं नाव घाला, नाहीतर सकाळी अभ्यासिकेची घाई असते तेव्हा हाताला येईल तो लावून पोरं पळतात. वापरून टाकायचे मास्क कचऱ्यात तसेच फेकू नका. कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळे द्या. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई तो सगळा कचरा हातानं निवडतात.