पाय ब्रेकवर, गिअर ‘डी’त: थांबलेली ऑटोमॅटिक गाडी कशी सांभाळावी

एकवीस वर्षं क्लच दाबून गाडी चालवल्यावर मी ऑटोमॅटिकवर आले. पहिले आठ दिवस सिग्नल दिसला की डावा पाय आपसूक क्लच शोधायचा. एकदा तो ब्रेकच्या रुंद पेडलवर जोरात पडला आणि मागच्या सीटवरची पिशवी थेट पुढे आली. म्हणून पहिलं काम हे: डावा पाय कडेच्या टेकूवर ठेवा आणि विसरून जा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचीच कामं.

आता तुमची गाडी नक्की कोणती ते बघा. ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांत आतली यंत्रं वेगवेगळी असतात. माझी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आहे, दिरांची टॉर्क कन्व्हर्टरची. दोन्ही ‘डी’त, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, उभ्या असल्या की बाहेरून सारख्याच दिसतात, आतला मामला मात्र अगदी निराळा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. बादलीतलं पाणी हाताने गोल फिरवलं की त्यात तरंगणारा तांब्याही फिरायला लागतो. तांब्या धरून ठेवला तरी हात फिरतच राहतो. ब्रेक म्हणजे तांब्या धरणं. इंजिन सातशे-आठशे आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरत राहतं, तेल ढवळलं जातं, थोडं तापतं, पण बंद पडण्यासारखं काही होत नाही. दिरांच्या गाडीत ‘एन’मधून (न्यूट्रल) ‘डी’त टाकलं की आरपीएमचा काटा किंचित खाली येतो आणि स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. ती बिघाडाची नाही, इंजिनावर पडलेल्या ओझ्याची. ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून सरकते, कारण ती ढकल सतत चालूच असते.

एएमटीत मध्ये असं तेलबिल काही नाही. तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच कोरडी क्लच प्लेट. फक्त क्लच आणि गिअर हलवायला तुमच्याऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र. ब्रेक नीट दाबून उभे असाल तर ॲक्च्युएटरने क्लच सोडवलेला असतो, म्हणजे प्लेट घासत नाही. त्यामुळे ‘दर सिग्नलला एनमध्ये टाका, नाहीतर क्लच जातो’ हा सल्ला मी सोडून दिलाय. खरी खोड ब्रेक अर्धवट सोडण्यात आहे. पुढची गाडी वीतभर हलली की आपणही पाय सैल करतो. क्लच पकडायला जातो आणि आपण पुन्हा ब्रेकने त्याला अडवतो. हे म्हणजे तासभर हाफ क्लचवर गाडी चालवणंच. म्हणून रांगेत दोन गाड्या मावतील एवढी जागा होऊ द्या, मग एकदम पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तळघरातल्या पार्किंगच्या चढावर रांग लागली होती आणि मी ॲक्सिलरेटरवर हलकेच पाय ठेवून गाडी तोलून धरली होती. पाचेक मिनिटांत जळका, उग्र वास आला, डॅशबोर्डवर इशारा लागला आणि गाडी पहिला गिअर घेईना. हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून वीस मिनिटं तिथेच बसले. वर्कशॉपमध्ये सांगितलं, ‘ऑटोमॅटिकला होतं असं.’ ऑटोमॅटिकला नाही हो, क्लचला होतं, आणि गाडी हातात देताना हे कोणी सांगितलं नव्हतं. चढावर गाडी फक्त ब्रेकनेच धरा. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर ब्रेक सोडल्यावर जेमतेम दोनेक सेकंद मिळतात, तेवढ्यात निघा. टॉर्क कन्व्हर्टरची गाडीही ॲक्सिलरेटरवर तोलू नका. तिथे प्लेटऐवजी तेल तापतं.

सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टरच असतो, तेव्हा दिरांच्या गाडीसारखंच वागा. डीसीटीत (ड्युअल क्लच ट्रान्समिशन) दोन क्लच असतात, तिला एएमटीचे नियम लावा.

एक गोष्ट सगळ्यांनाच लागू. एसीचा कंप्रेसर सुरू होताना इंजिन जरा चढतं आणि ढकलही वाढते. ब्रेकवर पाय नुसता टेकवलेला असेल तर गाडी इंचभर पुढे जाते. पुढच्याच्या बंपरला माझं एकदा असंच ‘नमस्कार’ करून झालंय. गार इंजिन सुरू केल्यावरही तसंच. काटा खाली येईपर्यंत थांबा, मगच ‘डी’त टाका, विशेषतः समोर भिंत असेल तर.

थांबा लांबला, फाटक लागलं, तर आधी हँडब्रेक, मग ‘एन’. निघताना ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’. एएमटीत स्क्रीनवर 1 आकडा स्थिर दिसू दे, दुसऱ्या गाडीत गिअर लागल्याचा हलका हिसका जाणवू दे, मगच ॲक्सिलरेटर. उतारावर पेट्रोल वाचवायला ‘एन’मध्ये घरंगळत जाऊ नका. इंजिनाचा आवर जातो, आणि बहुतेक आधुनिक गाड्या गिअरमध्ये असताना उतारावर पेट्रोल तसंही तोडतात.

गाडी उभी करून ठेवताना, गिअरमध्ये ‘पी’ (पार्किंग) असेल तर: ब्रेक, ‘एन’, हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक आणि मग ‘पी’. उलट क्रमाने केलंत तर सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर लटकतं आणि निघताना ‘खट्’ असा आवाज येतो. एएमटीत बहुधा ‘पी’ नसतोच. तिथे ब्रेक दाबून गाडी गिअरमध्येच ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, मग इंजिन बंद करायचं. आणि उतरण्याआधी स्क्रीनवर ‘एन’ तर नाही ना, हे एकदा बघायचं.