नाशिकहून स्कीइंगला: नवखे, तरबेज आणि नुसते बघे अशा मिश्र ग्रुपसाठी बेताच्या खर्चात जागा कशी निवडावी

स्कीइंगला जायचं ठरलं की ग्रुपमधला सगळ्यात तरबेज माणूस जागा सुचवतो आणि बाकीचे माना डोलावतात. ती जागा त्याने मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओतली असते: उंच शिखर, भुसभुशीत बर्फ, आसपास चिटपाखरू नाही. आठातले पाच जण आयुष्यात पहिल्यांदा स्कीवर उभे राहणार असतील, तर त्या पाचांना तिथे बघण्यापलीकडे काही काम नसतं आणि पैसे मात्र सगळ्यांइतकेच जातात. माझं मत सरळ आहे. जागा ठरवायची ती सगळ्यात कच्च्या माणसाच्या पहिल्या तीन दिवसांकडे बघून. तरबेज माणसाची हौस एका दिवसाच्या जादा खर्चात भागवता येते.

पायरी १: कोणाला खरंच किती येतं?

‘स्कीइंग येतं का?’ असं विचारू नका. ‘येतं की’ असं उत्तर मिळतं, कारण मनालीच्या सहलीत सोलंगला अर्धा तास पायात स्की अडकवून फोटो काढलेले असतात. तो अर्धा तास शून्य धरा. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. उतारावर ठरवलेल्या जागी न पडता थांबता येतं का? दोन्ही बाजूंना वळता येतं का? चालत्या लिफ्टवर, म्हणजे उतारावरून वर ओढून नेणाऱ्या यंत्रावर, एकट्याने चढता-उतरता येतं का? तिन्हींना ‘हो’ म्हणणारा मध्यम. कडक बर्फावर, तीव्र उतारावर, धुक्यातही जो शांतपणे खाली येतो तो तरबेज. उरलेले सगळे नवखे.

दर रविवारी हरिहर, अंजनेरी, साल्हेर करणाऱ्यांनी इथे थोडं नमतं घ्यावं. दमसास आणि मांड्यांची ताकद नक्की कामी येते, पण ट्रेकरच्या पायात एक सवय मुरलेली असते: घसाऱ्यावरून उतरताना मागे रेलायचं. स्कीवर मागे रेललं की स्की पुढे पळतात आणि ताबा सुटतो. म्हणून सह्याद्रीतला वाघसुद्धा पहिल्या दिवशी नवख्यांच्याच रांगेत उभा राहू दे.

यादीत चौथा रकाना हवा: स्की न करणारे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, लहान मूल आणि त्याच्याजवळ थांबणारी आई, ‘मी फक्त बर्फ बघायला येते’ म्हणणारी मावशी. जागा निवडताना यांचा विचार झाला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलच्या खोलीत कंटाळून बसलेले चेहरे दिसतात आणि मग अख्ख्या ग्रुपचा मूड जातो.

पायरी २: तारीख

भारतात स्कीइंगचा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात. पंचाईत अशी की नाशिकचा द्राक्षहंगामही तेव्हाच असतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडचा बागायतदार ग्रुपमध्ये असेल तर काढणी सुरू असताना तो हलणार नाही, आणि त्याला आग्रह करण्यातही अर्थ नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, दहावीची तिच्या मागोमाग. त्यामुळे आधी या दोन अडचणी विचारा, मग कॅलेंडर उघडा. सगळ्यांना जमत असेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, तोही सोमवार ते शुक्रवार असा. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळा. तेव्हा खोल्या सगळ्यात महाग आणि बर्फ बहुधा पातळ असतो.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. कडाक्याची थंडी तेव्हाच असते. पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. हिमालयात बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, आणि ते येतील तेव्हाच येतात. २०२४ चा जानेवारी जवळजवळ पूर्ण कोरडा गेला आणि गुलमर्गचं कुरण तपकिरी दिसत होतं. २०२५ मध्ये तर बर्फ कमी म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. म्हणून खोली अशी घ्या की तारीख बदलता येईल किंवा पैसे परत मिळतील. चारशे-पाचशे रुपये जास्त पडले तरी चालतील.

पायरी ३: जागा

मिश्र ग्रुपसाठी देशात पहिला विचार गुलमर्गचा करावा. उंची साधारण २,६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर वर. इथला मोठा फायदा असा की सगळ्या पातळ्यांचे उतार एकाच गावात आहेत. खालच्या कुरणात मंद उतार आणि छोट्या लिफ्ट आहेत, नवखे तिथेच शिकतात. गोंडोलाचा, म्हणजे दोरावरून चालणाऱ्या बंद पाळण्यांच्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, तिथे मध्यमांना भरपूर काम आहे. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर पोचवतो. तो तरबेजांचा. स्की न करणारी मंडळी कोंगडोरीपर्यंत जाऊन बर्फ बघून, कहवा पिऊन खाली येऊ शकतात आणि संध्याकाळी सगळे एका टेबलावर जेवू शकतात.

पैसे वाचवण्याची खरी जागाही इथेच आहे: नवख्यांना पहिले दोन दिवस गोंडोलाची गरजच नसते. तरी बरेच ग्रुप पहिल्याच दिवशी सगळ्यांची तिकिटं काढून बसतात. गोंडोलाचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढावं लागतं, त्यामुळे कोणासाठी, कोणत्या दिवशी आणि कितव्या टप्प्याचं हे घरूनच ठरवा.

दुसऱ्या टप्प्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. तिथले उतार यंत्राने दाबून सपाट केलेले नसतात, आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारांवर पोलंडचे दोन स्कीअर दगावले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एका रशियन स्कीअरचा असाच मृत्यू झाला. ग्रुपमधल्या तरबेजाला वर जायचं असेल तर स्थानिक गाइड, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं यांसह, आणि त्या दिवशीची हिमस्खलनाची सूचना वाचूनच. तोलाचा अंदाज नसलेल्या मध्यमाने ‘मीपण येतो’ म्हणू नये.

मुक्कामाबाबत नेहमीचा सल्ला असतो की १३ किलोमीटर खाली तंगमर्गला राहा, स्वस्त पडेल. पडतं खरं. पण बर्फ पडला की चढाच्या रस्त्यावर चाकांना साखळी लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडीच लागते, सकाळचा वेळ त्यात जातो, आणि दुपारी तीनला गळून गेलेल्या नवख्याला लगेच पाठ टेकायला खोली नसते. नवखे जास्त असतील तर मी स्कीचे दिवस वरच राहीन आणि येण्या-जाण्याच्या रात्री खाली किंवा श्रीनगरला काढीन.

आणखी एक: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ग्रुपात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

उत्तराखंडातलं औली दुसऱ्या क्रमांकावर. ग्रुपमध्ये सगळेच नवखे-मध्यम असतील तर ते गुलमर्गपेक्षाही बरं, कारण गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे शिकवणीवर्ग तिथे चालतात, आणि समोर नंदादेवी असल्यामुळे बघ्यांचाही वेळ छान जातो. अडचण प्रवासाची. ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत साधारण २५० किलोमीटरचा डोंगरी रस्ता, म्हणजे अख्खा दिवस. जोशीमठ ते औली रोपवे २०२३ च्या जानेवारीत जमीन खचल्यावर बंद झाला. तो चालू असेल असं धरून बेत आखू नका, वर जायला गाडीचे पैसे धरा. तरबेज माणूस इथे दोन दिवसांत कंटाळेल.

सोलंग मनालीपासून १३ किलोमीटर. सहलीला जायचं आहे आणि जमलं तर थोडं स्कीइंग, अशा कुटुंबासाठी ठीक. उतार छोटा, गर्दी भरपूर, आणि रस्त्यावर भाड्याने मिळणारे ते रंगीबेरंगी कोट-गमबूट स्कीइंगसाठी नसतात, फोटोसाठी असतात. मात्र मनालीतल्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा चौदा दिवसांचा स्की कोर्स हा वेगळा मामला आहे. राहणं, जेवण, साहित्य, शिकवणी एका शुल्कात. कॉलेजातल्या तीन-चार मुलांना मनापासून शिकायचं असेल तर याहून स्वस्त आणि शिस्तीचा मार्ग मला माहीत नाही. फक्त तिथे मामा-मावशी नेता येत नाहीत. शिमल्यापुढचं नारकंडा शांत आहे, पण बर्फाचा भरवसा कमी.

ग्रुपमध्ये मध्यम आणि तरबेजच जास्त असतील तर कझाकस्तानातल्या अल्माटीजवळचं शिंबुलाक बघा. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, उतार सुमारे २,२६० ते ३,२०० मीटरच्या दरम्यान, अवघडपणानुसार रंगांनी आखलेले, आणि राहायला खाली शहरात स्वस्त खोल्या. नवख्यांना शिकायला एवढं लांब न्यायची गरज नाही.

पायरी ४: नाशिकहून पोचण्याचा हिशेब

स्वस्त जागा आणि स्वस्त प्रवास एकत्र येतीलच असं नाही. दिल्लीपर्यंत नाशिक रोडहून राजधानी आहे, मंगला आणि पंजाब मेल आहेत, ओझरहून विमानही आहे. मनाली आणि औली या दोन्हींसाठी पुढे बस किंवा गाडीचा मोठा टप्पा उरतो. गुलमर्गसाठी मुंबईला जाऊन श्रीनगरचं विमान धरणं सोपं, विमानतळापासून पुढे गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. वेळ हाताशी असेल तर मनमाडहून झेलम एक्सप्रेसने जम्मू गाठून पुढे कटऱ्याहून रेल्वेने श्रीनगर असंही जाता येतं. कटरा-श्रीनगर वंदे भारत २०२५ च्या जूनपासून सुरू झाली आहे. तुलना करताना तिकिटासोबत रजेचे दिवसही मोजा. नोकरदाराला पाच दिवस रजा असेल आणि त्यातले चार रस्त्यात जाणार असतील, तर औलीची स्वस्त खोली त्याला महागच पडली.

पायरी ५: पैसे कुठे कापायचे, कुठे नाही

माणशी खर्च सात खणांत मांडा: प्रवास, खोली, जेवण, साहित्याचं भाडं, लिफ्ट, प्रशिक्षक, विमा. दर दरवर्षी बदलतात, म्हणून आकडे फोन करूनच घ्या. प्रशिक्षकाच्या खणात कात्री लावू नका. एका प्रशिक्षकाकडे चारपेक्षा जास्त नवखे नकोत. ‘आमचा मित्र शिकवेल’ ही काटकसर मैत्रीलाही महागात पडते, कारण मित्राचा दिवस जातो आणि शिकणाऱ्याला चुकीची सवय लागते.

कपडे विकत घेऊ नका. वॉटरप्रूफ पँट आणि जॅकेट ट्रेकिंगवाल्यांकडून मागून घ्या. जीन्स नको. भिजली की दिवसभर ओलीच राहते. हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे हवेत. बूट भाड्याने घेताना जाड मोज्यांचा एकच जोड घालून बघा: गुडघा पुढे वाकवल्यावर टाच उचलली जात असेल तर बूट सैल आहे, बदलून मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

विम्याच्या कागदात ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात का ते वाचा. बऱ्याचदा असतात.

पायरी ६: बुकिंगआधीचा फोन

हॉटेलवाल्याला ‘बर्फ आहे का’ विचारलं तर उत्तर कायम ‘खूप आहे’ असं येतं. त्याऐवजी आजचा, खालच्या नवख्यांच्या उताराचा फोटो मागवा. साहित्य लहान मुलाच्या आणि मोठ्या मापात मिळेल का, प्रशिक्षक हिंदीत शिकवतो का, खोलीत रात्रभर हीटिंग चालतं की जनरेटरच्या वेळेपुरतंच, रस्ता बंद झाला तर एक रात्र वाढवून मिळेल का, हे विचारून घ्या. उत्तरं देताना जो कंटाळतो त्याच्याकडे बुकिंग करू नये.

पायरी ७: वर्गणीचे नियम निघण्याआधी

खोली, गाडी आणि जेवण सगळ्यांत समान. लिफ्ट, साहित्य आणि प्रशिक्षक ज्याचं त्याने. नाहीतर कुरणात पडत-धडपडत शिकणारी मावशी दुसऱ्याच्या अफरवटचे पैसे भरते. एक बिनस्कीचा दिवस राखून ठेवा, शक्यतो तिसरा: तोवर मांड्या भरून आलेल्या असतात आणि हवामान बिघडलं तर तोच दिवस उपयोगी पडतो. उंचीवर पोचल्याच्या दिवशी कोणीच स्की बांधू नये. नाशिकच्या सहाशेएक मीटरवरून आलेल्या शरीराला एक रात्र द्यावी लागते, आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तरबेज माणूस वर एकटा जाणार नाही आणि गाइडचे पैसे त्याचे त्यानेच द्यायचे, हे मात्र ग्रुपवर लेखी घ्या.