इसेन्शियल ऑइल वापरताना या चुका टाळा

इसेन्शियल ऑइलने त्रास झाला की दोष तेलावर जातो. ‘मला लॅव्हेंडर सोसत नाही’, ‘टी ट्रीने चेहऱ्याची आग झाली’. जरा खोलात जाऊन विचारलं की वेगळंच निघतं. तेल कशातही न मिसळता लावलेलं असतं, नाहीतर बाटली कित्येक वर्षं कपाटात पडून असते. थेंब किती आणि बाटली किती जुनी, एवढ्या दोन गोष्टींकडे लक्ष दिलं तरी बहुतेक तक्रारी मुळात उद्भवणारच नाहीत.

नावात ऑइल असलं तरी हे खोबरेल किंवा बदामतेलाच्या जातीचं नाही. पानं, फुलं, साल, मुळं यांतली हवेत उडून जाणारी सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर बाहेर काढतात, ती वाफ गार करतात आणि पाण्यावर तरंगणारा थर वेगळा करतात. लिंबूवर्गातल्या फळांच्या साली मात्र बहुधा नुसत्या दाबून तेल काढतात. एक किलो गुलाबतेलाला काही हजार किलो फुलं लागतात, यावरून एका थेंबात किती ऐवज दाटलेला असतो याचा अंदाज येईल. तो थेंब त्वचेला थेट लावणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक.

थेंबांचा हिशेब

साधारणपणे 20 थेंबांचं एक मिलिलिटर होतं. म्हणजे 30 मिलि बदामतेलात किंवा जोजोबाच्या तेलात 6 थेंब टाकले की झालं 1 टक्का. चेहऱ्याला याहून जास्त नको. अंगाला लावायच्या तेलात 2 टक्के, म्हणजे 12 थेंब, पुरे होतात. लवंगेच्या तेलात युजेनॉल हे त्वचेला झोंबणारं द्रव्य भरपूर असतं, त्यामुळे तिथे अर्ध्या टक्क्यावरच थांबावं. दालचिनीच्या सालीचं तेल घरी त्वचेसाठी वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातलं सिनामाल्डिहाइड इतक्या थोड्या प्रमाणातही झोंबतं की घरगुती मापाने ते सांभाळणं कठीण. ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकारही बदलतो, तेव्हा शंका आली तर एक थेंब कमीच घाला.

‘मी तर कितीतरी दिवस तसंच लावतोय, काही झालं नाही,’ असं म्हणणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसते असं नाही. शरीर आतल्या आत त्या द्रव्याची ओळख धरून ठेवतं आणि एके दिवशी पुरळ उठतं. ती संवेदनशीलता सहसा आयुष्यभर राहते. मग त्याच द्रव्याचा साबण, अत्तर, क्रीम, सगळंच टाळावं लागतं.

आंघोळीच्या पाण्यात चार थेंब टाकणं म्हणजे तेल पातळ करणं नव्हे. पाण्यात ते विरघळत नाही. वर तरंगतं आणि जिथे त्वचेला चिकटेल तिथे पूर्ण ताकदीने चिकटतं. आधी चमचाभर कॅरिअर ऑइलमध्ये, म्हणजे बदामतेलासारख्या साध्या तेलात, किंवा बिनवासाच्या लिक्विड सोपमध्ये मिसळून मग पाण्यात घाला.

बाटली म्हातारी झाली की

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लिंबू-संत्र्याच्या तेलात लिमोनीन असतं, लॅव्हेंडरमध्ये लिनालूल. ताजी असताना ही द्रव्यं त्वचेला फारशी त्रासदायक नसतात. हवा लागत गेली की त्यांची हायड्रोपेरॉक्साइड्स बनतात आणि ॲलर्जी उठवतात ती मुख्यत्वे हीच. टी ट्रीचंही तसंच. म्हणूनच तेच तेल, तेवढेच थेंब, पण गेल्या वर्षी सोसलं आणि यंदा पुरळ आलं, असं घडतं.

ओळखायचं कसं? झाकण उघडून आट्यांवर बोट फिरवा. चिकट, गोंदासारखा थर लागला तर समजा हवा आत शिरलेली आहे. मग कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन हुंगा. ताज्या लिंबूतेलाचा वास नखाने सोललेल्या सालीसारखा टवटवीत असतो, जुन्याला टर्पेंटाइनची झाक येते. अशी बाटली त्वचेसाठी बाद. बाटली उघडली त्या दिवशीच तिच्यावर तारीख लिहा. लिंबूवर्गीय, पाइन आणि टी ट्री ही तेलं साधारण वर्षभरात संपवा. रंगीत काचेची बाटली, घट्ट झाकण आणि फ्रिज, एवढं पुरतं. तेल अर्ध्यावर आलं की लहान बाटलीत ओता, म्हणजे आत हवा कमी राहील. चंदन, वाळा, पाचौली यांना ही घाई नाही, ती बरीच वर्षं टिकतात.

ऊन, तोंड, लहान मुलं

बर्गमॉट या लिंबूवर्गातल्या फळाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. एकतर 0.4 टक्क्याच्या आत राहा, नाहीतर लावलेली जागा 12 ते 18 तास उन्हापासून झाका. लेबलवर ‘एफसीएफ’ असेल तर बर्गाप्टेन काढून टाकलेलं आहे.

पाण्यात थेंब टाकून पिण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. विंटरग्रीन या झुडपाच्या 5 मिलि तेलात जवळजवळ 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य) असतं, आणि एवढं पोटात जाणं घातक असतं. निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. पोटाच्या तक्रारींवर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल मिळतात हे खरं, पण त्या मोजून भरलेल्या आणि आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या असतात. चुकून तेल गिळलं गेलं तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. बाटली हातात घ्या आणि तडक डॉक्टर गाठा.

तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ पेपरमिंट, निलगिरी किंवा कापूर लावू नये, त्याने श्वास अडकू शकतो. घरात मांजर असेल तर टी ट्री दूरच ठेवा. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट बाहेर टाकता येत नाहीत.

डिफ्युझरचा वासच येत नाही

डिफ्युझर म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब टाकून सुगंधी धुकं सोडणारं यंत्र. वास असतो, नाक सरावलेलं असतं. म्हणून आणखी थेंब टाकत राहणं चूक. अर्धा तास चालवा, बंद करा, खिडकी उघडा. बाहेर जाऊन आत आलात की फरक कळेल. धुकंच येत नसेल तर तळाच्या चकतीवर तेलाचा थर साचलेला असतो, तो स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा.

लेबलवरच्या ‘थेराप्युटिक ग्रेड’ या शब्दांवर भुलू नका, असा दर्जा ठरवणारी स्वतंत्र संस्था नाही. त्यापेक्षा वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा. लॅव्हँड्युला अँगस्टिफोलिया आणि लॅव्हँड्युला लॅटिफोलिया ही दोन्ही लॅव्हेंडरच, पण दुसऱ्यात कापराचा अंश बराच जास्त.

लॅव्हेंडर भाजल्यावर लावतात ही समजूत फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्यापासून चालत आली. 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले होते आणि 1937 मध्ये त्यांनी ‘आरोमाथेरपी’ नावाचं पुस्तक लिहिलं. ताज्या भाजलेल्या जागेला मात्र आधी 20 मिनिटं वाहतं गार पाणीच हवं, तेल नको.

आग झालीच तर

त्वचेवर नुसतं पाणी ओतून तेल निघत नाही. साध्या तेलात कापड भिजवून पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि डॉक्टरांकडे जा. पुरळ ओसरेपर्यंत सगळी तेलं बंद. नंतर मिश्रणं बाजूला ठेवून एका वेळी एकच तेल, 1 टक्क्याचं, कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि 48 तास थांबा. कोणतं सोसत नाही ते कळलं की लोशन, शाम्पूच्या घटकांच्या यादीतही त्यातलं द्रव्य शोधा, कारण लिनालूल आणि लिमोनीन तिथे हमखास सापडतात.