टाकी भरलेली, तरी इंजिन बंद? इंधनाच्या या चुका टाळा

कराडच्या धावपट्टीवर विमान शिकणारी मुलं इंजिनाबद्दल शंभर प्रश्न विचारतात, इंधनाबद्दल क्वचितच. पण टाकीत इंधन असणं आणि ते इंजिनापर्यंत पोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी आपलं विमान ओळखा. सेसना १५२ ला नुसता चालू-बंद व्हॉल्व्ह असतो. १७२ च्या सिलेक्टरवर, म्हणजे कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणाऱ्या खटक्यावर, डावी, उजवी आणि दोन्ही असे पर्याय मिळतात, कारण पंख वर आहेत आणि इंधन आपोआप खाली उतरतं. पायपर चेरोकीत पंख खाली, म्हणून इंधन पंपाने ओढावं लागतं. तिथे ‘दोन्ही’ ठेवलं असतं, तर एक टाकी रिकामी झाल्यावर पंपाने हवाच ओढली असती. सेसनाची सवय घेऊन पायपरमध्ये बसणारे टाकी बदलायलाच विसरतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे उड्डाणाच्या अगदी तोंडावर टाकी बदलणं. नव्या टाकीकडून इंधन येत नसलं, तरी नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) उरलेल्या इंधनावर इंजिन थोडा वेळ छान चालतं. विमान उठतं आणि जेमतेम उंचीवर असताना इंजिन गप्प होतं. खाली उसाचे फड. वरून गादीसारखा दिसणारा उभा ऊस उतरायला अजिबात बरा नाही. म्हणून ज्या टाकीवर उडायचं, रनअप, म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन वाढवून केलेली तपासणी, त्याच टाकीवर करा. हवेत बदलताना पुरेशी उंची हवी: इलेक्ट्रिक पंप चालू, सिलेक्टर खाचेत नीट बसला का ते हाताला जाणवू द्या, फ्युएल प्रेशर पाहा, मगच पंप बंद. दोन खाचांच्या मधे अडकलेला सिलेक्टर इंधन तोडू शकतो.

पावसाळ्यात पाणी. झाकणाची रबरी रिंग चिरली की ते टाकीत शिरतं आणि जड असल्याने तळाशी बसतं. उड्डाणाआधी तळाच्या ड्रेनमधून (छोट्या नळातून) इंधनाचा नमुना काढताना कपात अख्खं पाणीच आलं, तर दोन थरांमधली रेघ दिसत नाही आणि ‘स्वच्छ आहे’ असं वाटतं! १००एलएल अ‍ॅव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. कप पांढऱ्या भिंतीसमोर धरा. नमुना सगळ्या ड्रेनमधून घ्या. १७२एसला (१७२ चाच एक प्रकार) असे १३ आहेत, आणि कंटाळा नेमका शेवटच्या दोन-तीनवर येतो.

विमान बरेच दिवस उभं असेल, तर व्हेंटमध्ये (टाकीत हवा जाण्याच्या नळीत) कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का, तेही पाहा. हवा आत गेली नाही, तर इंधन बाहेर येणार नाही.

इंधनाच्या काट्यावर भिस्त ठेवू नका. त्याच विमानाची डिपस्टिक (टाकीत बुडवून इंधन मोजायची पट्टी) आणि मनगटावरचं घड्याळ जास्त खरं बोलतात. १७२एसमध्ये सुमारे २१२ लिटर मावतं, त्यातलं वापरता येतं साधारण २००. हिशेब २०० चाच धरा.

आणि हवेत इंजिन खोकलंच तर? आधी ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा, वेग सांभाळा. मग टाकी बदला, मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), पंप असेल तर चालू, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) असेल तर तीही. नेमका क्रम तुमच्या विमानाच्या हँडबुकातला, तो तोंडपाठ हवा. रिकाम्या झालेल्या नळीत इंधन यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात घाबरून सिलेक्टर पुन्हा जुन्या टाकीवर फिरवू नका.