लम्पीची लस टोचली, आता 21 दिवस सांभाळा

2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या रावेर तालुक्यात लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा विषाणूचा रोग, आला. मी चारही गायींना लस टोचून घेतली आणि निर्धास्त झालो. सहाव्या दिवशी बाजारातून एक कालवड आणून त्यांच्याच दावणीला बांधली. पुढच्या आठवड्यात गौरीच्या मानेवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. चूक माझीच.

लस म्हणजे औषध नव्हे. तेव्हा टोचली ती शेळ्यांच्या देवी रोगाची लस, म्हणजे लम्पीच्याच कुळातला, पण अशक्त केलेला जिवंत विषाणू. त्याला ओळखून गायीचं शरीर प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, तयार करतं. त्यांना पुरेसा जोर यायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर नवं जनावर आणू नका, बाजार बंद. गोचीड आणि माश्यांचा बंदोबस्त रोज करा. मी संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतो.

लस फक्त निरोगी जनावराला. जंताचं औषध आधी देऊन ठेवा. कुपी बर्फाच्या डब्यातूनच आली आहे ना, हे बघाच. 2 ते 8 अंशांत राहिली नसेल तर टोचणं वाया जातं, आणि आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

टोचल्या जागी सूज, थोडा ताप, दोन दिवस दूध कमी, एवढं चालतं. मी त्या दिवसांत दादर ज्वारीचा कडबा, सरकीची ढेप आणि मुबलक पाणी देतो. ताप टिकला किंवा अंगभर गाठी आल्या, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.